फक्त चषक मोजून शँकलींना तिसरं ठरवू नका

एका लेखात लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅनेजरांची क्रमवारी लावलीय: बॉब पेझ्ली पहिले, युर्गन क्लॉप दुसरे आणि बिल शँकली थेट तिसरे. पेझ्लींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ९ हंगामांत ६ लीग विजेतेपदं आणि ३ युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), त्यावर कोण काय बोलणार!

पण डिसेंबर १९५९ मध्ये शँकली आले तेव्हा हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. नवा मॅनेजर आला की आपली माणसं घेऊन येतो. शँकलींनी मात्र पेझ्ली, फेगन, बेनेट या क्लबच्या जुन्या प्रशिक्षक मंडळींना तसंच ठेवलं. बूट ठेवायच्या त्या खोलीत बसून हीच माणसं पुढच्या सामन्याची चर्चा करायची. १९६२ मध्ये संघ वरच्या, पहिल्या डिव्हिजनमध्ये आला, १९६४ मध्ये थेट लीग विजेता! डोक्यापासून पायापर्यंतचा लाल पोशाखही शँकलींचाच. १९६४ मध्ये बेल्जियमच्या अँडरलेख्ट क्लबविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी धिप्पाड कर्णधार रॉन येट्सला लाल चड्डी घालून बघितलं, आणि तेच कायम झालं.

पेझ्लींचं मोठेपण मला एका फोटोत दिसतं. १९६८, जखमी खेळाडू एम्लिन ह्यूजला पाठीवर घेऊन ते मैदानाबाहेर चाललेत. तेव्हा ते मॅनेजर नव्हते, शँकलींचे सहकारी होते. १९७४ मध्ये शँकलींनी अचानक राजीनामा दिला, तेव्हा मॅनेजरची जबाबदारी घ्यायला पेझ्ली तयारच नव्हते.

म्हणून माझ्या यादीत शँकली पहिले. पेझ्लींनी कळस चढवला, पण पाया शँकलींनी खणला. आणि हो, १९८४ मध्ये पहिल्याच हंगामात ३ चषक जिंकणाऱ्या जो फेगनचं लेखात नावही नाही, हे फार खटकलं.