एनर्जीवर बोला, मोजू नका

'त्या घरात पाऊल टाकल्याबरोबर निगेटिव्ह एनर्जी जाणवली', असं अधूनमधून म्हणत चला. किती जाणवली, असं कुणी विचारलंच तर चहाचं आधण ठेवायला उठा. एनर्जी मोजायला गेलेल्यांचे हाल ऐकून ठेवा.

बोलायला ॲरिस्टॉटल उत्तम. 'एनर्जी' हा शब्द ज्यावरून आला, त्या त्याच्या 'एनर्गेइया'चा अर्थ काम प्रत्यक्ष चालू असणं. डोळे मिटलेल्याला दृष्टी असते, पण बघणं चालू असलं तरच एनर्गेइया. यात ना आकडा, ना युनिट. शहाण्याने इथेच मुक्काम करावा.

पुढे गेलात की स'ग्रावेसांद भेटतो. या डच गृहस्थाने पितळी गोळे उंचावरून मऊ मातीत टाकले आणि खड्डे मोजत बसला. वेग दुप्पट केला, तर खड्डा चौपट! हलत्या वस्तूचं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स सांगत होता, तेच हे. फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातलेने ते १७४० साली पुस्तकात मांडलं आणि पॅरिसच्या अकादमीच्या सचिवाशी जाहीर भांडण ओढवून घेतलं. आपण मातीपासून लांबच राहावं; कपडेही खराब होतात.

मायरचं तर बघवत नाही. जहाजावरचा हा डॉक्टर १८४० मध्ये जावाला पोचला. उपचार म्हणून रक्त काढायला खलाशाची शीर उघडली, तर रक्त इतकं लालभडक की त्याला वाटलं चुकून धमनीच कापली. तुम्ही-आम्ही पट्टी बांधून जेवायला गेलो असतो. हा विचार करत बसला: उष्ण हवेत शरीराला ऊब राखायला कमी जाळावं लागतं, म्हणून शिरेतही प्राणवायू उरतो, मग उष्णता आणि श्रम यांचा हिशेब एकाच वहीतला! पहिला लेख संपादकाने छापलाच नाही. पुढे श्रेयाचे वाद, मग मनोरुग्णालय. मँचेस्टरकडचा दारूभट्टीवाला ज्यूल त्या मानाने सुखी म्हणायचा. तो मधुचंद्राला गेला तेव्हा हातात लांबलचक थर्मामीटर होता, अशी आठवण भौतिकशास्त्रज्ञ थॉमसन (पुढचा लॉर्ड केल्विन) सांगायचा. उंचावरून पडून धबधब्याखालचं पाणी किती तापतं, ते बघायचं होतं. बायकोचं मत कुणी टिपून ठेवलेलं नाही.

गुरू करायचाच तर रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड करा. सगळं जग म्हणजे एनर्जी, असं त्याने ठणकावलं आणि सुखाचंही समीकरण मांडलं: मनापासून खर्चलेली एनर्जी, मनाविरुद्ध खर्चलेली एनर्जी, दोघींची बेरीज गुणिले वजाबाकी. एकक विचारायचं नाही. १९०९ साली त्याला नोबेल मिळालं, ते उत्प्रेरकांवरच्या कामाबद्दल. पण हा तपशील सांगायची काही गरज नाही. जर्मनीतल्या ग्रोसबोथेन गावच्या त्याच्या बंगल्याचं नाव 'एनर्जी' होतं, तेवढं सांगा.