ओझरबद्दल दोन ओळी हव्या होत्या
भारतीय हवाई दलाच्या २८ स्क्वॉड्रनवरचा तुमचा लेख आवडला. १४ डिसेंबर १९७१ ला त्यांच्या मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामाच लिहिला, तो भाग झकास. पण शांततेचा काळ फारच भरभर उरकलात की हो! १९८७ मध्ये याच स्क्वॉड्रनला पुण्यात मिग-२९ मिळाली. त्या विमानांचं ओव्हरहॉल आमच्या नाशिकजवळच्या ओझरला, हवाई दलाच्या ११ बेस रिपेअर डेपोत होतं. विमान पार सुटं करायचं, तपासायचं, पुन्हा जोडायचं, चाचणी उड्डाण घ्यायचं, मगच परत. (शेजारचा एचएएलचा विमान कारखाना वेगळा, तिथे सुखोई लढाऊ विमानं. नाशिककरही गल्लत करतात!) वडील डेपोतच होते. द्राक्षबागेवरून आवाज गेला की मान वर न करता म्हणायचे, "आपलंच आहे."