दाजींकडून चिठ्ठी कशी लिहून घ्यायची?

आज सकाळी परभणीला वकीलसाहेबांच्या टेबलावर मी कापडी पिशवी रिकामी केली आणि त्यांनी त्या ढिगाकडे न पाहताच विचारले, "गुरुजी, पैसे दिले ती तारीख सांगा." मी रक्कम सांगत होतो, नाते सांगत होतो, उपकार सांगत होतो, ते पुन्हा तारीखच विचारत होते. आयुष्यभर वर्गात जाण्यापूर्वी टाचण काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या दोन लाखांचे टाचण काढता आले नव्हते, याची लाज अजून गेलेली नाही.

जून २०२२ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, माझ्या चुलत बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बोअर आणि मोटारीसाठी दोन लाख रुपये हातउसने घेऊन गेले. रक्कम मी बँकेतून त्यांच्या खात्यावर पाठवली, चिठ्ठी मात्र घेतली नाही. ज्यांच्यासाठी पाट मांडायचा त्यांच्यापुढे स्टँप पेपर कोण ठेवतो? तुमच्यापैकी कोणीही ठेवला नसता. पुढे मार्च २०२४ मध्ये हरभरा मोंढ्यात घालून दाजी घरी आले, पंधरा हजार दिले आणि चहा होईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आमच्या सौ. दुधाचे लिटर मांडतात त्याच पानाच्या तळाशी, स्वतःच्या हाताने लिहिले: '१५,००० पोच केले, बाकी १,८५,०००'. खाली सही, तारीख. मीच म्हणालो, "दाजी, कशाला लिहिता? आपल्यात काय असले?"

आज कळले की उसनवारीच्या वसुलीचा दावा पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत जून २०२५ मध्येच सरली. मात्र मुदत चालू असताना घेणाऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मोजतात. म्हणजे ते पान हाती असेल तर मला मार्च २०२७ पर्यंत वेळ आहे. वकीलसाहेबांनी चष्मा काढून विचारले, "पान आहे ना?" पान नाही. महिना संपला की आमच्या घरी कॅलेंडर फाडले जाते.

खरा संताप मात्र नोटिशीच्या उत्तराचा आहे. दाजींच्या वकिलाने कळवले आहे की ते दोन लाख सामाईक विहिरीतल्या त्यांच्या हिश्श्याचे होते! माझे पासबुक एवढेच सांगते की पैसे गेले. कशासाठी गेले, याबद्दल ते मुके आहे. पाठवताना शेऱ्याच्या जागी 'हातउसने' एवढा एक शब्द टाकायला मला कोणी अडवले होते? व्हॉट्सॲपवर दाजींचे 'दिवाळीनंतर बघू' आहे, पण काय बघू, ते नाही. तेही चिरंजीवांनी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये; मूळ फोन एक्स्चेंजमध्ये गेला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरणच नसेल तर मी प्रमाणित तरी काय करणार?

मान्य आहे, सप्टेंबर २०२५ च्या पावसात दाजींचे सोयाबीन शेंगांसकट कुजले. त्या दिवसांत मी फोनही केला नाही, कारण चिखलात उभ्या माणसाला पैसे मागायला माझी जीभ उचलली नसती. त्यांनी 'सध्या नाहीत' म्हटले असते तर मी आणखी दोन वर्षे थांबलो असतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. नाहीत म्हणणे वेगळे आणि घेतलेच नाहीत म्हणणे वेगळे.

'नात्यात कागद आणला की नाते संपते' असे काल ज्या काकांनी मला सुनावले, त्यांनी स्वतःच्या बांधाची मोजणी सख्ख्या भावाविरुद्ध दोनदा करून घेतली आहे. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणूनच तर विहीर उगवली. कागद असता तर दाजींना खोटे बोलण्याची वेळच आली नसती आणि ताई आजही राखीला आली असती.

वकीलसाहेबांनी पिशवीतले सगळे तारखेच्या क्रमाने लावायला सांगितले आहे. पहिल्या पानावर तारखांची यादी, मूळ कागद वेगळ्या पाकिटात, त्यांवर पेनाची एक रेघही नको, आणि झेरॉक्सचे दोन संच. दुपारपासून मी तेच करत बसलो आहे. 'मार्च २०२४' समोर नुसती रिकामी जागा आहे.

मघाशी सौ. चहा घेऊन आल्या, यादी पाहिली आणि म्हणाल्या की त्या वर्षी जूनमध्ये आमच्या धाकट्याच्या आठवीच्या पुस्तकांना त्यांनी कॅलेंडरच्याच पानांची कव्हरे घातली होती; मार्चचे पान बहुधा भूगोलाला. मी ताडकन उठून कपाट उघडले. पुस्तके नाहीत. धाकटा नववीत गेला तेव्हा ती सगळी पुस्तके आम्ही ताईच्या मुलाला दिली.

म्हणजे दाजींची सही दाजींच्याच घरात, भाच्याच्या दप्तरात आहे. फोन हातात घेऊन अर्धा तास झाला, भाच्याला काय सांगून भूगोलाचे पुस्तक परत मागावे ते सुचत नाही.