एका टॉवरवर अनेक अँटेना: ‘अर्ध्या तरंगलांबी’चा नियम नेमका कुठला?

हौशी रेडिओवाल्यांमध्ये एक दावा फिरतो आहे: टॉवरवरच्या कोणत्याही दोन अँटेनांमध्ये किमान अर्धी तरंगलांबी अंतर हवेच, नाहीतर दोन्ही निकामी. हे खरे नाही.

हा आकडा आला आहे स्टॅकिंगमधून, म्हणजे सारख्या अँटेना एकावर एक लावण्यातून. एकाच बँडच्या (तरंगलांबीच्या पट्ट्याच्या) दोन सारख्या यागी (एका दिशेला रोखलेल्या, दांड्यांच्या अँटेना) एकत्र फीड करून (एकाच सिग्नलला जोडून) गेन (त्या दिशेची ताकद) वाढवायचा असेल, तर साधारण अर्धी ते एक तरंगलांबी अंतर ठेवतात. 20 मीटर बँडवर अर्धी म्हणजे सुमारे 10 मीटर. वेगवेगळ्या बँडच्या अँटेनांना हा हिशेब लागू होत नाही. 20 आणि 15 मीटरच्या यागी एकाच मास्टवर (टॉवरच्या माथ्यावरच्या खांबावर) दोन-तीन मीटर अंतरानेही चालतात.

धोका वेगळाच असतो. मोठ्या अँटेनाचे एलिमेंट (दांड्या) लहान अँटेनाच्या बँडवर रेझोनंट होतात का, म्हणजे त्या सिग्नलला जोरदार प्रतिसाद देतात का, ते आधी पाहावे. 40 मीटर बँड म्हणजे 7 मेगाहर्ट्झ; त्याची तिसरी हार्मोनिक (तिप्पट वारंवारता) 21, म्हणजे नेमका 15 मीटर बँड. म्हणून 40 मीटरची यागी 15 मीटरवाल्या यागीला हमखास छळते. अशा वेळी दोन्ही बूम (एलिमेंट धरणारे मधले दंड) एकमेकांना काटकोनात लावले तर त्रास बराच कमी होतो.

आणि ‘एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ दाखवणारे मोजमाप; 1 म्हणजे आदर्श) 1.2 आला, म्हणजे सगळे ठीक’ हेही अर्धसत्यच. एसडब्ल्यूआर उत्तम असूनही फ्रंट-टू-बॅक (पुढच्या आणि मागच्या दिशेच्या सिग्नलमधला फरक) पार कोलमडलेला असू शकतो. तो मॉडेलिंगमध्ये किंवा अँटेना फिरवून सिग्नल ऐकतानाच कळतो.

वाऱ्यामुळे मास्टवर येणारा वाकवणारा ताण मात्र खरोखर अंतरावर ठरतो: अँटेना टॉवरच्या माथ्यापासून जितकी वर, तितका तो जास्त. म्हणून जड अँटेना टॉवरच्या माथ्यालगत, हलकी व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेची) अँटेना वर.