संस्थाचालकांचा परिचय कसा लिहावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत आपण कलेला वाहिलेली एखादी लहानशी संस्था काढली असेल, किंवा निवृत्तीनंतर काढण्याच्या बेतात असाल, तर सर्वप्रथम कार्यकारिणीचा परिचय लिहून घ्यावा; कार्यक्रम मागाहून ठरवता येतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसे लागतात. सात कलावंतांना एका खोलीत बसवून एकाच घटनेवर सह्या करायला लावणे हे फारसे कोणाला साधलेले नसल्यामुळे ही सात माणसे आपल्याच गृहसंकुलातून, सासुरवाडीतून आणि जुन्या कचेरीतून गोळा करावीत. त्यांचा कलेशी काही संबंध आहे का, हे धर्मादाय कार्यालय विचारत नाही. आपणही विचारू नये.

सात जण जमले की त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळावे आणि एक पथ्य कसोशीने पाळावे: ज्याला जे खरोखर येते, ते त्याच्या परिचयातून काढून टाकावे. खजिनदारांचेच पाहा. राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले हे नौपाड्यातले गृहस्थ. दोन हजार रुपयांवर रोख देणगी दिल्यास देणगीदाराला आयकरातली ८०-जीची सवलत मिळत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. वर्षभराच्या देणग्यांचे १०-बीडी हे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरले नाही तर दिवसाला दोनशे रुपयांचा भुर्दंड बसतो, म्हणून ते एप्रिलच्या उकाड्यात एकेका देणगीदाराला फोन लावून बसतात आणि पॅन क्रमांकातले पाचवे अक्षर हे आडनावाचे आद्याक्षर असते, तेव्हा आपण त्या जागी पाचचा आकडा लिहून दिला आहे तो ‘एस’ असावा, असे अत्यंत अदबीने समजावून सांगतात. संस्था तगून आहे ती या माणसामुळे. परंतु परिचयात यातले अवाक्षरही येता कामा नये. तेथे ‘बालपणापासून संगीताची ओढ, अनेक दिग्गजांच्या मैफली प्रत्यक्ष ऐकण्याचे भाग्य’ एवढेच लिहावे. मैफली ऐकणे हीच पात्रता धरली, तर १९७८ साली गडकरी रंगायतन उघडल्यापासून तेथे दारावर तिकिटे फाडत आलेली माणसे आपल्या खजिनदारांपेक्षा कितीतरी ज्येष्ठ ठरतील, अशी शंका कोणी काढलीच, तर ती विषयपत्रिकेवर नाही असे सांगावे.

सचिवबाईंनाही हाच न्याय लावावा. विश्वस्तांमध्ये बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो, हे ज्या संस्थांच्या ध्यानात राहिले नाही, त्यांच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर, दिवंगत मंडळी वर्षानुवर्षे विश्वस्त म्हणून सुखाने नांदत असतात. आपल्या बाईंनी महापालिकेच्या आवक-जावक टेबलावर उमेदीची वर्षे काढलेली असल्याने आपल्याकडे असे होत नाही. मात्र परिचयात त्या ‘संवेदनशील कवयित्री’ आहेत. त्यांची कविता कोणी वाचली आहे का, हा प्रश्न गौण होय.

अध्यक्षांच्या बाबतीत कौशल्य पणाला लागते. त्यांची हयात तुर्भ्याच्या कारखान्यात पंपांच्या देखभालीत गेलेली असते. अशा वेळी त्यांचे शालेय दप्तर धुंडाळावे. सातवी-आठवीत एलिमेंटरीची परीक्षा ‘क’ श्रेणीत सुटलेली असेल, तर ‘चित्रकलेची शासकीय परीक्षा उत्तीर्ण’ हे वाक्य कायद्याच्या कोणत्याही कसोटीला उतरते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा दिलेली असेल तर दुधात साखर. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असतात आणि त्यांतल्या पहिलीनंतर अध्यक्षांनी पेटी माळ्यावर टाकली, हा तपशील बाजूला ठेवून ‘हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण’ असे लिहावे. सोबत तंबोऱ्याबरोबरचे छायाचित्र हवेच. तंबोरा उसना मिळतो. तो मांडीवर कोणत्या बाजूने टेकवायचा, एवढे मात्र कोणाला तरी आधी विचारून घ्यावे, कारण रामचंद्रनगरपासून वाशीपर्यंत घरटी एक तरी माणूस ते ओळखणारा असतो आणि नेमका तोच पत्रक लक्षपूर्वक पाहतो.

संस्था अगदीच नवी असेल तर तिच्या वयात शहराचे वय मिळवावे. मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात १८९३ साली स्थापन झाले. त्यात आपल्या संस्थेचा काडीचा वाटा नसला, तरी ‘ठाण्याच्या शतकाहून जुन्या सांस्कृतिक परंपरेचा वारसा पुढे नेताना’ असे म्हणायला कोणाची हरकत नसते. काही जण १८५३ सालच्या बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या रेल्वेगाडीपासून सुरुवात करतात. ते मला जरा अति वाटते.

आता उरला तो ज्याला कला खरोखर येते तो मनुष्य. प्रत्येक संस्थेत असा एखादा असतोच: एखादे ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेतलेले चित्रकलेचे शिक्षक, किंवा त्या सातही परीक्षा देऊन विशारद झालेला आणि सकाळ-संध्याकाळ डोंबिवली-ठाणे शिकवण्या करणारा तबलजी. त्याला परिचयात घेऊ नये. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी, ध्वनिव्यवस्था आणि मंडप यांच्या शेजारी, ‘विशेष सहकार्य’ या सदरात त्याची सोय होते. यामागे आकस मुळीच नाही, कारण आहे. विश्वस्ताने संस्थेकडून पैसे घेतले की लेखापरीक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतात, तेव्हा ज्याला मानधन द्यावे लागेल अशा कलावंताला विश्वस्त करणे अडचणीचे असते. तो विश्वस्त नसल्यामुळे मानधन किती द्यायचे हे ठरवणाऱ्या बैठकीला तो नसतो. आणि तो बैठकीला नसल्यामुळे, कलावंताला पैशापेक्षा रसिकांची दाद प्यारी असते, हा ठराव दरवर्षी एकमताने संमत होतो. इतका निर्दोष वर्तुळाकार कारभार दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

हा सगळा खटाटोप कोणासाठी, असे आपण विचाराल. कंपन्यांसाठी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीचाही समावेश आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात अशा कंपन्यांची वानवा नाही. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी सीएसआर-१ हा, असा निधी घेऊ पाहणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा, अर्ज भरून क्रमांक मिळवावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून त्यावाचून दारात उभे करत नाहीत. तो अर्ज अर्थातच खजिनदार भरतात.

तेथल्या अधिकारी बाई बहुधा तरुण असतात आणि तंबोऱ्याच्या छायाचित्राकडे ढुंकूनही न पाहता थेट तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागतात. अशा वेळी गडबडून जाऊ नये. अध्यक्षांनी संस्कृतीवर चार शब्द बोलावेत, सचिवबाईंनी चार ओळी म्हणाव्यात, तोवर खजिनदारांनी फायली उघडाव्यात. त्यांची ओळख मात्र ‘हे आमचे दर्दी रसिक’ अशीच करून द्यावी.