विकल्या गेलेल्या रोबॉट इंजिनिअरसाठी काही उपयुक्त सूचना

सर्वप्रथम अभिनंदन! तुमची रोबॉट बनवणारी छोटीशी कंपनी एका अवाढव्य परदेशी समूहाने विकत घेतली. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले, संस्थापकांनी गहिवरून भाषण केलं, नव्या लोगोचा टी-शर्ट मिळाला (मिडियम संपले होते, म्हणून स्मॉल). पुढे नोकरी कशी करायची हे मात्र कोणी सांगत नाही. गेल्या मंगळवारी चाकणला एका गिऱ्हाइकाच्या लाइनवर माझं या विषयातलं शिक्षण पूर्ण झालं, तेव्हा चार गोष्टी सांगायचा अधिकार मला नक्कीच आहे.

संस्थापकांच्या भाषणातलं "काहीही बदलणार नाही" हे वाक्य मनावर कोरून ठेवा. हे वाक्य बोलणारा माणूस लॉक-इन, म्हणजे करारानुसार थांबायची मुदत, संपेपर्यंतच ऑफिसात दिसतो. नंतर तो लिंक्डइनवर "नव्या प्रवासाला" निघतो आणि तरुणांना उद्योजकता शिकवतो.

इतिहास अजिबात वाचू नका. वाचलात तर कळेल की २०१३ साली गूगलने काही महिन्यांतच एकामागोमाग रोबॉट कंपन्या उचलल्या. त्यात बोस्टन डायनॅमिक्स होती, आणि टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेली शाफ्ट होती. त्या डिसेंबरात शाफ्टच्या रोबॉटने अमेरिकेत डार्पा या तिथल्या लष्करी संशोधन संस्थेच्या रोबॉट स्पर्धेची चाचणी फेरी सगळ्यांना मागे टाकून जिंकली. पुढे काय झालं? स्पर्धेतून माघार. खरेदीमागचा उत्साही साहेब अँडी रुबिन २०१४ मध्येच निघून गेला आणि २०१८ मध्ये शाफ्टला कुलूप लागलं. बोस्टन डायनॅमिक्स गूगलकडून सॉफ्टबँकेकडे आणि तिथून २०२१ मध्ये ह्युंदाईकडे गेली. सोसायटीतला भाडेकरूसुद्धा इतक्या वेळा घर बदलत नाही. तिथल्या लोकांनी ईमेलच्या सह्या किती वेळा बदलल्या असतील याचा विचार करू नका, आपली बदला. ब्रँड विभागाने पाठवलेल्या निळ्या रंगाची छटा चुकली तर मेल येते, आणि बाकी कशालाही उत्तर न देणारी ही मंडळी या बाबतीत तत्पर आहेत.

गिऱ्हाइकाने "आमच्या मशीनचा सपोर्ट चालू राहील ना?" असं विचारलं तर हसून विषय बदला. किवा सिस्टिम्सचं नाव तर चुकूनही काढू नका. गोदामातल्या मांडण्या उचलून माणसापाशी आणणारे ते बुटके रोबॉट स्टेपल्स, वॉलग्रीन्स अशा मोठ्या अमेरिकन दुकानसाखळ्या वापरत होत्या. २०१२ मध्ये ॲमेझॉनने साडेसत्याहत्तर कोटी डॉलर मोजून अख्खी कंपनी घेतली आणि कालांतराने बाहेरच्यांना माल विकणंच बंद केलं. प्रतिस्पर्ध्याच्या हातातलं हत्यार दुकानासकट विकत घेणं, याला व्यवहार म्हणतात. आपण फक्त इंजिनिअर, आपल्याला कळत नाही.

जागतिक आढावा बैठक नेमकी गुरुवारी दुपारी असते. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये वीज जाते ती गुरुवारीच, याहून जास्त सांगायला नको.

टाउनहॉलमध्ये, म्हणजे साहेबांच्या सगळ्या कर्मचाऱ्यांबरोबरच्या सभेत, "मोकळेपणाने प्रश्न विचारा" म्हणतात तेव्हा पाण्याची बाटली उघडा आणि सावकाश प्या.

खरेदीबद्दल थोडं. पूर्वी ग्रिपरचा, म्हणजे रोबॉटच्या पंजाचा, वस्तू जवळ आली हे ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर गेला की पोरगा दुचाकीवर टांग मारून पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात जायचा, पेटी कॅशमधून सेन्सर आणायचा आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालू. किती हा बेशिस्तपणा! आता त्या दुकानदाराला आधी व्हेंडर म्हणून नोंदवावं लागतं. पॅन, जीएसटी, रद्द केलेला चेक, लाचलुचपतविरोधी धोरणावर सही, आणि "आमच्या पुरवठा साखळीत वेठबिगार नाहीत" असं प्रतिज्ञापत्र. जिन्याखालच्या दुकानात ते काका एकटेच बसतात. त्यांनी फॉर्म चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "सुट्टी मला मीच देत नाही, तर हो म्हणू की नाही म्हणू?" मी म्हटलं, काका, नाही म्हणा. तो अर्ज अजून "प्रक्रियेत" आहे.

आता मुख्य सूचना : नव्या लॅपटॉपवर प्रेम करा. जुना लॅपटॉप जमा करून घेतात, कारण तो "अनुपालनात बसत नाही". नव्यात यूएसबी बंद आणि ॲडमिनचे हक्क काढलेले. अकाउंट्सवाल्यांना याने काही फरक पडत नाही. आपलं काम थोडं वेगळं असतं, पण ते कोणाला सांगणार? रोबॉटचा कंट्रोलर इंटरनेटवर नसतो. त्याच्या कॅबिनेटमध्ये केबल खोचायची, लॅपटॉपचा आयपी पत्ता हाताने बदलून त्याच्या घराण्यातला करायचा, मग दोघे बोलू लागतात. हे काम दहा सेकंदांचं. आयटीआयचा ट्रेनी पहिल्या आठवड्यात शिकतो.

मंगळवारी चाकणला फोर्कलिफ्टचा धक्का लागून सेलमधला, म्हणजे रोबॉटच्या कुंपणातला, कॅमेरा जरासा हलला होता. रोबॉट ट्रेमधला पार्ट उचलायला जायचा आणि बाजूची हवा उचलून यायचा. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे त्याचं माप पुन्हा जुळवायचं, फाइल कंट्रोलरमध्ये टाकायची, चहा प्यायचा, निघायचं. मी केबल खोचली, आयपी बदलायला गेलो, तर पडद्यावर आलं : या बदलासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे.

ठीक आहे. हेल्पडेस्कला तिकीट टाकायचं. तिकीट टाकायला व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कची सुरक्षित वाट, लागतं, व्हीपीएनला नेट लागतं, आणि प्रेस शॉपच्या पत्र्याखाली रेंज नाही. लॅपटॉप उचलून गेटपाशी गेलो. फॉर्ममध्ये "तुमचा व्यवसाय विभाग निवडा" अशी यादी होती, तीत रोबॉट नाहीच. "इतर" निवडलं. मग फोन आला. पलीकडचा माणूस अत्यंत सभ्य होता. रीस्टार्ट करून पाहिलंत का? पाहिलं. आयपी कशासाठी बदलायचाय? रोबॉटशी बोलायला. ते ॲप्लिकेशन मान्यताप्राप्त यादीत आहे का? अहो, ते ॲप्लिकेशन नाही, पाचशे किलोचं लोखंड आहे! बरं, पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवा. मग त्याला पलीकडून माझा लॅपटॉप ताब्यात घ्यायचा होता, पण मी नेटवर असलो तर रोबॉटजवळ नसतो आणि रोबॉटजवळ असलो तर नेटवर नसतो, हे त्याला समजावताना माझा आवाज चढला. त्याने शांतपणे तिकिटाची प्राथमिकता "मध्यम" केली. व्यवस्थापकाची मंजुरी लागेल म्हणाला. माझा नवा व्यवस्थापक ज्या देशात राहतो तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

आत लाइन उभी होती. मेंटेनन्सचे साहेब दर थोड्या वेळाने यायचे.

"साहेब, रोबॉट बिघडलाय का?"

"नाही, रोबॉट ठणठणीत आहे."

"मग कॅमेरा?"

"तोही चांगला आहे."

"मग?"

"मला परवानगी नाही."

ते काही बोलले नाहीत. बी शिफ्टचे कॉन्ट्रॅक्टवरचे चौघे बोलावले आणि ज्या कामातून माणसाची पाठ सुटावी म्हणून आम्ही तो रोबॉट बसवला होता, ते बिडाचे पार्ट त्या पोरांनी रात्रभर हाताने उचलले. पिवळा रोबॉट कुंपणाच्या आत उभा. माझ्या मोबाइलवर त्याच वेळी आठवणीची मेल आली : "बैठ्या कामात पाठीची काळजी" हे अनिवार्य प्रशिक्षण तुम्ही अजून पूर्ण केलेलं नाही.

आता सूचना पुरे.

सायबर सुरक्षा नको असं आमच्यातला कोणीही म्हणत नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने रेनोचे कारखाने थांबवले, होंडाचा जपानमधला सायामाचा प्लांट थांबला, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच ज्यावर ना मेल ना इंटरनेट असा फक्त मशीनसाठीचा वेगळा लॅपटॉप देतात. जगभर देतात. नवे मालक, तुम्ही तो मागणारा अर्ज तीनदा परत पाठवलात, कारण एका कर्मचाऱ्याला एकच लॅपटॉप असा तुमचा नियम आहे. पळतो म्हणून शर्यतीचा बैल लाखो मोजून आणायचा, गोठ्यात चारी पाय बांधायचे आणि वर विचारायचं, हा पळत का नाही?

बरं, हे असंच होतं असंही नाही. डेन्मार्कची युनिव्हर्सल रोबॉट्स २०१५ मध्ये टेराडाइनने घेतली. मालक अमेरिकन झाला, पण कंपनी त्याच नावाने ओडेन्से शहरातच राहिली. करायचं ठरवलं तर जमतं. तुम्हाला करायचंच नाहीये. तुम्हाला गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात रोबॉटचा एक फोटो हवा होता, तो मिळाला.

आणि आपले टीम लीड, सीनिअर मॅनेजर! तुम्ही याच भोसरीच्या शेडमध्ये आमच्याबरोबर रात्री जागून वायरिंग केलंय. आता कॉलवर "खूप छान उपक्रम आहे" म्हणून माना डोलावता आणि कॉल संपला की आमच्याकडे येऊन शिव्या घालता. ज्यांना घालायच्या त्यांना घाला ना! लेखी द्या की लाइन बंद पडली ती आपल्या धोरणामुळे. दंडाची नोट गिऱ्हाईक पाठवेल तेव्हा "फील्ड टीमकडून विलंब" असं लिहून आमच्या अंगावर ढकलू नका.

संस्थापक साहेब, तुम्हाला पैसे मिळाले याचं वाईट वाटत नाही. कष्टाचे होते. पण त्या मेंटेनन्सच्या साहेबांनी पहिला रोबॉट घेतला तो तुमच्या शब्दावर, तेव्हा आपल्याकडे ना लोगो होता ना ब्रोशर. गेल्या आठवड्यात त्यांनी तुम्हाला फोन केला. मीही केला. उचला तो फोन.