पावणं, तरास हाय काय?

परभणीहून नांदेडला निघालो होतो, लाल परी खच्चून भरलेली, खिडकी मिळाली एवढंच काय ते नशीब. स्कोर बघायला मोबाईल काढला तर स्कोरच्या खाली अर्ध्या स्क्रीनवर मधोमध भोक पाडलेली बसायची गादी, आणि वर ठळक मराठीत 'मूळव्याधीच्या त्रासात आराम'. शेजारचे टोपीवाले मामा तर झिरो फाट्यापासून माझ्या मोबाईलमधूनच प्रवास करत होते.

"पावणं, तरास हाय काय?"

आवाज असा की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"नाही हो मामा, जाहिरात आहे ती."

"जाहिरात तं सगळ्यालाच येती. आमच्या पोराला ट्रॅक्टरची येती. तुमालाच ही कामून?"

मुद्दा बिनतोड होता. गादी मी आदल्या रात्री बघितली होती हे खरं, कोणासाठी ते लिहिणार नाही, घरात राहायचंय मला. पण मी काही बोलायच्या आत मामांनी सुरण काढलं. सुरणाची भाजी, वरून ताक, मिरची बंद, आणि लाजायचं नाही, कारण त्यांच्या साडूनं लाजून लाजून शेवटी ऑपरेशनच करून घेतलं. मागच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या कोंबडीबी बंद करा, उष्ण असती. कंडक्टरनं तर तिकीट फाडता फाडता "उभं राहून जायचं का सर?" असं विचारलं, आणि वाईट म्हणजे त्यात चेष्टा नव्हती, माणूस खरंच काळजीनं विचारत होता.

आता इज्जत वाचवायला मी कुकीज समजवायला घेतल्या. म्हणलं मामा, वेबसाइटला मुळात आठवणच नसते, एक पान दाखवलं की ती तुम्हाला विसरली. म्हणून १९९४ ला नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या माणसानं युक्ती काढली, साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी नोंद ठेवून द्यायची, तुम्ही परत आलात की ब्राउझर तीच नोंद तिला दाखवतो, ती नोंद म्हणजे कुकी. त्यामुळं खरेदीला निवडलेला माल पान बदललं तरी जागेवर राहतो, दरवेळी पासवर्ड टाकावा लागत नाही.

मामांनी तळहातावर चुना घेतला, तंबाखू मळली, ठोकली, आणि म्हणाले, "मंजे सायकल स्टँडचा बिल्ला."

मी गप्प. कारण बरोबर होतं. बिल्ल्यावर फक्त नंबर, बाकी हिशेब स्टँडवाल्याकडं.

"पर गादी तं दुकानात बघितली, अन् स्कोरवाल्याला कसं कळालं?"

म्हणलं स्कोरवाल्याला नाहीच कळलं. दुकानाच्या पानात एका जाहिरात कंपनीचा कोड असतो, स्कोरच्या पानातही तिचाच, तिची कुकी दोन्हीकडं तीच.

"मंजे गुत्तेदार येकच की! कोर्टापुढचं स्टँड त्याचं, दवाखान्यापुढचं त्याचंच, बिल्ला नंबर तोच. नाव कशाला पायजे मग, माणूस कुठं कुठं जातंय ते सगळं कळतंय त्याला."

एवढं सोपं मला यूट्यूबवरही कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा आनंद होईना कारण मामा लगेच म्हणाले, "मग तुमी हो कामून म्हणलाव?"

इथं मात्र माझी सटकली. साइट उघडली की 'कुकीज ठेवू का?' विचारणारी पट्टी येते, तिच्यात हो म्हणायचं बटण हिरवंगार, बोटापुढं, आणि नाही म्हणायचं असेल तर 'पर्याय व्यवस्थापित करा', मग पुढं यादी, मग 'आमचे भागीदार', मग 'कायदेशीर हितसंबंध', आणि तोवर भाजी करपलेली. ह्याला संमती म्हणायचं? फ्रान्सच्या सीएनआयएल ह्या सरकारी संस्थेनं २०२२ च्या सुरुवातीला नेमका ह्याच पायी गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड लावला, हो म्हणणं जितकं सोपं तितकंच नाही म्हणणं पाहिजे म्हणून. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं असल्या परक्या, म्हणजे जाहिरात कंपन्यांच्या, कुकीज २०२० लाच बंद केल्या, क्रोमवाल्या गुगलनं बंद करू करू म्हणत २०२४ ला बेतच बदलला. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही लिहिलंय की दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. लिहिलंय म्हणे. आमच्याकडं नळाला रोज पाणी येईल असंही लिहिलेलं असतं. राग कुकीचा नाही हो, आपण दमून हो म्हणावं अशीच सगळी मांडणी केलेली असते त्याचा आहे.

मग तिथंच, मामांच्या देखरेखीखाली, सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकीज उडवल्या. सगळीकडून लॉगआऊट झालो, मेल गेला, रेल्वेचं बुकिंगवालं गेलं, आता दिवसभर ओटीपी. पण गादी गेली! मामांना दाखवलं, नुसता स्कोर, खाली भलत्याच सिमेंटची जाहिरात.

मामा थोडे हिरमुसले. वसमत जवळ आलं तसे जरा खेटून बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले,

"ती गादी कितीला हाय हो?"

"तुम्हाला?"

"साडूला."

ऑपरेशन झालेल्या साडूला. बरं. माणूस एवढं कानात बोलला म्हणल्यावर नाही कसं म्हणायचं, दुकानाचं पान परत उघडलं. किंमत दिसायच्या आधी खालून पट्टी आली. मी नाही म्हणायचं बटण शोधतच होतो, चष्मा वर करून, तर चुन्यानं पांढरा झालेला एक अंगठा आडवा आला आणि हिरव्यावर टेकला.

"हितं दाबायचं असतंय पावणं, त्याबिगर फुडं जात नाही."